आल्टो, चार गन आणि एक कोमट रिले

गाडी: मारुती आल्टो एलएक्स, २००७, ७९६ सीसी. काचा हाताने फिरवायच्या, कुलपं प्रत्येक दाराची वेगळी. मालक: माझे बाबा, वय ७२, मुक्काम चिपळूण. १५ वर्षं पुरी झाली तेव्हा, म्हणजे २०२२ साली, पाच हजार रुपये फी भरून तिची नोंदणी पुन्हा करून घेतली होती. मी म्हणत होतो विकून टाका. बाबांनी ते ऐकलं नाही, आणि आता मीही म्हणत नाही.

दारांच्या कुलपांना रिमोट लावायची मागणी आईची. चिपळूणचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला ती लगेच कळेल. बाबा छत्री मिटत किल्लीने आपलं दार उघडणार, आत बसणार, मग डावा हात लांब करून पलीकडच्या दाराची खिट्टी ओढणार. त्यांचा डावा खांदा दीड वर्ष आखडलेला. तेवढा वेळ आई एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी घेऊन चिखलात उभी. "अहो, उघडताय ना?" हे वाक्य आमच्या घरी पावसाळ्यात गाडीच्या दर फेरीला दोनदा ऐकू यायचं.

तेव्हा मे महिन्यात बाबांनी बाजारातल्या एका दुकानात सेंट्रल लॉकिंग (एका बटणात चारही दारं) आणि रिमोट बसवून घेतलं. सेट २,२०० रुपये, मजुरी ६००. अडीच तासांत काम झालं. संध्याकाळी मला पुण्याला व्हिडिओ आला: आई व्हरांड्यात उभी, बटण दाबते, आल्टोचे इंडिकेटर दोनदा लुकलुकतात, आणि आई कॅमेऱ्याकडे बघून हसते.

सहाव्या दिवशी गाडी उघडेना.

पहिला बळी: किल्ली

बॅटरी उतरली होती. रिमोटचा रिसीव्हर गाडीच्याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे रिमोट कितीही दाबला तरी काही होणार नव्हतं. बाबांनी किल्ली लावली. ती फिरेना. जोर केला तर किल्लीच पिळायला लागली. बॉनेट उघडायची तार गाडीच्या आत, म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायचं तर आधी आत जायला हवं, आणि आत जायचं तर बॅटरी हवी. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला पोरगा आला, काचेच्या रबरातून स्टीलची पट्टी सारली आणि वीस सेकंदांत दार उघडून दिलं. ही वीस सेकंदं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

किल्ली का फिरली नाही? दोन कारणं एकमेकांवर चढली होती. २२ जुलै २०२१च्या पुरात ही गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. नंतर सीट वाळवल्या, वायरिंग तपासलं, इंजिनचं तेल बदललं. दारांच्या पोटात मात्र कोणी डोकावलं नाही. कुलपं तेव्हापासून जड होती, पण बाबांच्या हाताला त्याची सवय झाली होती. त्यात आता प्रत्येक दारात मोटर आली. ही मोटर पिस्तुलासारखी दिसते म्हणून बाजारात तिला 'गन' म्हणतात. तिची दांडी कुलपाच्या मूळ दांडीला क्लिपने बांधलेली असते. रिमोटने उघडताना मोटर दांडी ओढते, पण किल्लीने उघडताना हाताला कुलूप तर फिरवावं लागतंच, शिवाय मोटरचे दातेही उलटे ढकलावे लागतात. नव्या गाडीत हा भार जाणवत नाही. गंजलेल्या कुलपात तेवढाच भार किल्ली पिळायला पुरतो.

दुकानाने रिमोट लावण्याआधी एकदा किल्ली फिरवून पाहिली असती तरी हे कळलं असतं.

दुसरा बळी: बॅटरी, जी निर्दोष होती

बॅटरीवाला म्हणाला, "काका, तीन वर्षं झाली, बॅटरीच गेली ओ तुमची." त्याने मीटर लावून गाडी करंट खाते का तेही पाहिलं. नाही म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने जे पाहिलं ते खरंच होतं. ३,६०० रुपयांची ३५ एएचची (अँपिअर-तासांची) नवी बॅटरी बसली.

तीही सहाव्या दिवशी उतरली. या वेळी कुलपात तेल सोडलेलं होतं म्हणून दोन्ही हातांनी जोर लावून किल्ली फिरली, एवढाच फरक. बाबांचा फोन आला मला, पण शेजारी आईला ऐकू जाईल अशा आवाजात: "तुझ्या आईचं रिमोट काढून टाकतो."

मी शनिवारी पोचलो.

तपास

जुन्या गाडीत नवं काही बसवल्यावर बॅटरी उतरत असेल तर पहिलं काम एकच. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवायचा, आणि तो व बॅटरी यांच्या मधे मल्टिमीटर लावायचा, १० अँपिअरच्या खोबणीत. या अवस्थेत चुकूनही स्टार्टर मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. दारं बंद, चावी काढलेली, काचा मात्र खाली, म्हणजे काही झालं तरी आत हात जाईल. पाच मिनिटं थांबलो. आकडा १८ मिलिअँपिअर. चांगला आकडा आहे. एरवी ५० मिलिअँपिअरच्या आत असलं की कोणी तक्रार करत नाही.

म्हणजे बॅटरीवाला बरोबर होता. गाडी काहीच खात नव्हती.

मग मी रिमोटने गाडी लॉक केली.

आकडा उडाला आणि १६० ते १७०च्या मधे नाचत राहिला (नाचत होता कारण डॅशवरचा लाल दिवा लुकलुकत होता). अनलॉक केलं, १८. लॉक केलं, पुन्हा १६८. गाडी फक्त कुलूपबंद असताना करंट खात होती. तपासायला आलेला प्रत्येक माणूस गाडी उघडूनच तपासणार, त्यामुळे हा चोर कोणाला दिसणं शक्यच नव्हतं.

फरक १५० मिलिअँपिअरचा. म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास, मूळचे १८ धरले तर चारच्या आसपास. ३५ एएचची बॅटरी, बाबा गाडी काढणार पाच-सहा दिवसांतून एकदा, तीही बाजारापर्यंत. सहाव्या दिवशी बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका जीव उरणार नाही, हे कागदावरच दिसत होतं.

कुठे जातात हे १५० मिलिअँपिअर? माझा अंदाज आकड्यावरूनच बांधला गेला. गाडीतला साधा १२ व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, घेतला तर त्याच्या कॉईलचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध ८५ ओहमच्या आसपास असतो. १२.६ भागिले ८५, म्हणजे ०.१४८ अँपिअर. कुठेतरी एक रिले रात्रंदिवस ओढलेला होता. डॅशच्या खाली पडून हात घातला. वायरिंगच्या गुंड्यात टेपने बांधलेला काळा चौकोनी रिले सापडला, आणि तो कोमट होता. बंद गाडीत, सकाळी, सावलीत. दोन वॅटची ऊब बोटांना स्पष्ट लागते.

हा रिले गाडी चोरीला जाऊ नये म्हणून सेटमध्येच येतो. लॉक केल्यावर मॉड्यूल, म्हणजे सेटचा मुख्य डबा, एका वायरीला अर्थ (बॅटरीचा निगेटिव्ह) देतं, ती रिलेच्या कॉईलच्या एका टोकाला, ८५ नंबरला. दुसरं टोक, ८६, इग्निशनच्या वायरीला जोडायचं असतं. म्हणजे चोराने चावी फिरवली तरच कॉईल ओढली जाणार, एरवी रिले झोपलेला. दुकानातल्या पोराने इग्निशनपर्यंतची हातभर वायर वाचवली आणि ८६ जवळच्याच कायम सप्लायच्या लाल वायरीला पिळून टाकला. रिले आपलं काम करत होता, चोर असो नसो. सेटच्या खोक्यातला नकाशा मी नंतर डिकीत पाहिला. त्यात इग्निशन असं ठसठशीत लिहिलेलं होतं.

याहून वाईट गोष्ट त्याच रिलेच्या दुसऱ्या बाजूला होती. त्याचे संपर्क पेट्रोल पंपाच्या वायरीत घातले होते. दुकानदार हे कौतुकाने सांगतात, "पंपच बंद, गाडी जाणारच कुठे!" पण आता पंपाचा सगळा करंट एका स्वस्त रिलेच्या संपर्कातून आणि दोन पिळलेल्या जोडांतून वाहत होता. जोड सैल झाला की इंजिन बंद. आणि तो सैल कुठे होणार? जिथे धक्के बसतात तिथे. बाबा खेडला जाताना परशुराम घाट चढतात, कराडला जाताना कुंभार्ली. मागे ट्रक, समोर वळण आणि गाडी एकदम गप्प, हे चित्र मला नको होतं. असा रिले घालायचाच असेल तर स्टार्टरच्या वायरीत घालावा. तो बिघडला तर गाडी अंगणात सुरू होणार नाही, इतकंच.

मी बाबांना दोन्ही पर्याय सांगितले. ते म्हणाले, "काढून टाक. ही गाडी कोणी नेली तर पेट्रोल भरून परत आणून देईल." रिले काढला, पंपाची वायर सोल्डर करून पूर्ववत केली. लॉक करून मीटर पाहिला: १८.

दारांच्या पोटात

करंटचा प्रश्न अर्ध्या तासात सुटला. पुढचा दीड दिवस दारांत गेला, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा तिथेच आहे.

आल्टोच्या काचेचं हँडल काढायला स्क्रू नसतो. हँडलच्या मागे तारेची छोटी क्लिप असते. जुना पंचा हँडल आणि दाराच्या आतल्या पॅडच्या मधल्या फटीत घालून बूट पॉलिश करतात तसा मागेपुढे ओढायचा. कापडाचा धागा क्लिपला धरतो आणि ती टुणकन उडते. पहिली नेहमी सोफ्याखाली नाहीतर गवतात जाते, म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ धरायची. आमची पहिली कण्हेरीच्या झाडात गेली.

पॅड काढलं तर आतला प्लॅस्टिकचा कागद दुकानातल्या पोराने टराटरा फाडून तसाच आत कोंबलेला. हा कागद शोभेचा नाही. काचेच्या रबरातून पाणी दाराच्या आत जातंच, कोणत्याही गाडीत, आणि खालच्या भोकांतून निघून जातं. ते पॅडवर आणि गाडीच्या तळाशी येऊ नये म्हणून हा कागद काळ्या चिकट गमने चिकटवलेला असतो. कोकणात तो फाडून बसवलेली गाडी जुलैपर्यंत कुबट वास मारायला लागते.

आणि खालची भोकं? ती बुजलेली होती. बोट घातलं तर पुराचा गाळ निघाला, चॉकलेटी, वाळून पापडासारखा झालेला. वाशिष्ठीचा गाळ इतकी वर्षं आमच्या दारात बसून होता. एका दारातून निघालेला गाळ डालड्याच्या डब्याच्या झाकणभर. आई म्हणाली, तुळशीत टाक.

मग प्रत्येक दाराला तोच क्रम. गन सोडवायची. कुलपावर गंज सोडवणारं तेल मारायचं, खिट्टी पन्नास वेळा मागेपुढे करायची, काळं पाणी गळून गेलं की पांढरं ग्रीस. किल्लीच्या खाचेत तेल नाही, तेलावर धूळ बसून ती पुन्हा अडकते. तिथे पेन्सिलच्या शिशाची पूड. ६बी पेन्सिल किल्लीवर घासायची आणि किल्ली फिरवत राहायची. खिट्टी एका बोटाने सहज हलायला लागली की मगच गन परत जोडायची. हे आधी न केल्याने मागच्या डाव्या दाराची गन पहिल्या दिवसापासून अर्ध्यावर दमत होती आणि आई बटण दोनदा दाबत होती. त्या दारात आणखी एक चूक होती. गनची दांडी कुलपाच्या दांडीला तिरकी बांधलेली होती. या दोन्ही एका रेषेत हव्यात, नाहीतर गनचा अर्धा जोर दांडी वाकवण्यात जातो. पट्टीची दोन भोकं बदलून ती सरळ केली. नंतर काच पूर्ण खाली घेऊन पाहिली, कारण काच आणि गनच्या मधे जेमतेम बोटभर जागा असते.

चार गनांपैकी ड्रायव्हरच्या दारातली वेगळी असते. तिला पाच वायरी, बाकीच्यांना दोन. दोन वायरी मोटरच्या: एका बाजूने सप्लाय दिला की लॉक, उलटा दिला की अनलॉक, तोही जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. उरलेल्या तीन आतल्या स्विचच्या, ज्याने मॉड्यूलला कळतं की ड्रायव्हरने किल्ली फिरवली, आता बाकीची तीनही दारं फिरवा. रंगांवर विश्वास ठेवू नये. आमच्या सेटमध्ये नकाशावरचा पांढरा वायरीत पिवळा होता. मीटरने तपासून मगच जोडावं.

दार आणि खांबाच्या मधून वायर नेताना दुकानाने भोकं समोरासमोर पाडली होती आणि रबरी बूच एकालाच बसवलं होतं. समोरासमोर भोकं असली की दार मिटताना वायर एकाच जागी घडी पडते आणि वर्ष-दोन वर्षांत तांबं तुटतं. भोकं वरखाली असली तर वायर घडी न पडता पिळते, आणि खूप टिकते. मी दारांकडची भोकं चार बोटं खाली नव्याने पाडली, कडांना झिंक प्रायमर लावला, जुनी बुजवली, चारही दारांना बूच घातलं. सगळे पिळलेले जोड तोडून सोल्डर केले आणि वर आकसणारी नळी चढवली. नुसती टेप कोकणात टिकत नाही. उन्हाळ्यात तिचा गम वाहतो, पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं पडतं. अर्थची वायर रंगावरच स्क्रूने दाबलेली होती, ती पत्रा चकचकीत घासून बसवली. मुख्य सप्लाय थेट बॅटरीपासून घेतला, बॅटरीजवळ वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज घालून.

उरलेल्या दोन-तीन गोष्टी

रिमोटचा पल्ला. चार पावलांवरूनच चालायचा. रिसीव्हरला जी छोटी मोकळी वायर असते ती अँटेना, आणि पोराने तीच व्यवस्थित गुंडाळून बाकीच्या वायरींबरोबर बांधलेली. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा १७ सेंटिमीटर. म्हणून ती वायर तेवढीच असते, आणि ती सरळ, पत्र्यापासून दूर हवी. काचेच्या खांबाच्या कडेने ती उभी सोडली. आता व्हरांड्यातून चालतो.

आपोआप लॉक होणं. रिमोटने उघडून तीस सेकंदांत दार उघडलं नाही तर हा सेट गाडी परत लॉक करतो. पण दार उघडलं हे त्याला कळतं दाराच्या बटणावरून, आणि आमच्या आल्टोत बटणं पुढच्या दोनच दारांना. आईने मागचं दार उघडून भाजीची पिशवी ठेवली, पिशवीत रिमोट, दार लावलं, आणि गाडीने स्वतःला कुलूप लावून घेतलं. बाबांच्या खिशात किल्ली होती म्हणून निभावलं. ही सोय मॉड्यूलमधून बंद करून टाकली.

सुरक्षितता. रिमोटचा सेल बदलताना आतली चिप पाहिली. ईव्ही १५२७, म्हणजे कारखान्यात ठरलेला एकच आकडा, १०,४८,५७६ पैकी कुठला तरी, दरवेळी तोच हवेत जातो. गेटच्या रिमोटची नक्कल करून देणारा माणूस याचीही करून देईल. महागड्या सेटमध्ये दर दाबाला बदलणारा आकडा असतो. त्यातली कीलॉक ही पद्धत १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जन्मली आणि १९९५मध्ये मायक्रोचिपने विकत घेतली. तिथे रिमोट आणि रिसीव्हर दोघेही दाबांची मोजणी ठेवतात. नातवाने खिशात रिमोट पन्नास वेळा दाबला तर मोजणी पुढे जाते आणि ओळीने दोनदा दाबल्यावर पुन्हा जुळते. आम्ही सेट बदलला नाही. जी गाडी स्टीलच्या पट्टीने वीस सेकंदांत उघडते, तिच्या रिमोटची नक्कल करायला कोण बसणार? ज्याची गाडी रस्त्यावर उभी असते आणि आत लॅपटॉप असतो, त्याने वेगळा विचार करावा.

विम्याचंही एक. चोरीविरोधी यंत्र बसवलं की हप्त्यात सूट मिळते असं दुकानात सांगितलं होतं. ती सूट आहे, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. पण यंत्र एआरएआयने (पुण्याच्या वाहन-चाचणी संस्थेने) मान्य केलेलं असावं लागतं आणि बसवल्याचा ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखला लागतो. आमच्या खोक्यावर तसलं काही नव्हतं.

हिशोब

सेट आणि मजुरी २,८००. नको असलेली बॅटरी ३,६००. सोल्डर, नळ्या, बुचं, ग्रीस, प्रायमर मिळून ७४०. माझे दोन दिवस बाबांनी हिशोबात धरले नाहीत.

ऑगस्टमध्ये ते दोघं माझ्याकडे पुण्यात एकवीस दिवस राहिले, गाडी चिपळूणला कुलूपबंद. परतल्यावर बाबांनी बॉनेट उघडून मीटर लावला आणि फोटो पाठवला: १२.४१ व्होल्ट. खाली लिहिलं होतं, "पहिल्या सेल्फला." कोणती वायर कुठून घेतली त्याचा नकाशा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशच्या कप्प्यात ठेवलाय. महिन्यातून एकदा बाबा रिमोट बाजूला ठेवून गाडी किल्लीवर उघडतात. आई मात्र अजून बटण दोनदा दाबते.